गाबोन: हत्ती, मँड्रिल आणि फळांचा हिशोब

शनिवार, लिब्रव्हिल

विषुववृत्तावरचा देश म्हटलं की रणरणतं ऊन डोळ्यांसमोर येतं. ऑगस्टमध्ये गाबोनला तसं काही नसतं. जून ते सप्टेंबर हा इथला कोरडा हंगाम. पाऊस पडत नाही, पण आभाळ दिवसभर भरलेलं असतं, सूर्य क्वचित दिसतो आणि हवेत छान गारवा असतो. मुंबईहून आदिस अबाबामार्गे इथे पोचलो तेव्हा दुपार असूनही संध्याकाळसारखा उजेड होता.

क्षेत्रफळाने गाबोन महाराष्ट्राहून थोडाच लहान. वस्ती मात्र जेमतेम एकट्या नागपूर शहराएवढी, आणि जवळपास 88 टक्के जमीन जंगलाखाली. आम्ही तिघं होतो: मी, हे आणि माझा पुतण्या. पुतण्या पुण्यात फ्रेंच शिकलाय, आणि त्याच्याविना आमचं पानही हललं नसतं. फ्रेंच ही इथली राजभाषा; इंग्रजीवर काम भागत नाही.

गाबोनच का, असं निघताना सगळ्यांनी विचारलं. आमचं घर दोडामार्ग तालुक्यात. कर्नाटकातून उतरणारे हत्ती गेली वीसेक वर्षं आमच्या भागातल्या केळी, माड, सुपारीच्या बागांत शिरतायत. हत्तीबद्दल आमच्या घरात माया आहे आणि धास्तीही आहे. आफ्रिकेतला वनहत्ती, म्हणजे गवताळ माळावरचा नव्हे, दाट रानात राहणारा हत्ती, ही वेगळी जात आहे. जगात उरलेल्या वनहत्तींपैकी निम्म्याहून अधिक या एका देशात आहेत. 2021 मध्ये लिदीतल्या डीएनएवरून झालेल्या गणनेत गाबोनमध्ये सुमारे 95,000 वनहत्ती निघाले. त्याच वर्षी ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. दोन्ही बातम्या मी लागोपाठ वाचल्या होत्या आणि तेव्हाच ठरवलं होतं, जायचं.

संध्याकाळी माँ-बुए बाजारात गेलो. शहरातला सर्वांत मोठा बाजार. धुरावलेल्या माशांच्या राशी, तांबड्याकेशरी पामफळांचे घड, पानात गुंडाळून दोऱ्याने आवळलेल्या, कसावा या कंदाच्या कांड्या. एका बाईपुढे काळपट तपकिरी ढेपा रचलेल्या होत्या, गुळाच्या ढेपांसारख्या. ही ओडिका. रानआंब्याच्या कोयीतला गर भाजून, कुटून, साच्यात घट्ट बसवतात. किसून रश्शात घातली की रस्सा दाट होतो आणि त्याला खमंग, किंचित कडसर चव येते. बाईने नखाने थोडी खरवडून आमच्या तळहातावर ठेवली. आपल्या आंब्याशी या झाडाचं काही नातं नाही, फक्त फळ दिसायला तसं. ते झाड जंगलातलं. फळ हत्ती आवडीने खातो, कोय त्याच्या पोटातून जाऊन मैलभर लांब पडते आणि तिथे रुजते. ओडिका विकणाऱ्या बाईला हे पक्कं माहीत होतं. हत्ती नसता तर ही झाडं एवढी पसरली असती का, असं तिनेच पुतण्याला विचारलं.

रात्री ञेंब्वे कोंबडी खाल्ली: पामफळांच्या गराच्या दाट तांबूस रश्शात शिजलेली. सोबत कसाव्याची कांडी. ही कांडी पहिल्यांदा खाणाऱ्याला चिवट आणि आंबूस लागते, पण त्या तेलकट रश्शाला तीच हवी.

रविवार, एनकेंबो आणि रात्रीची गाडी

सकाळी एनकेंबो वस्तीतल्या सेंट मिशेल चर्चमध्ये प्रार्थनेला गेलो. या चर्चचे 31 लाकडी खांब बघायला लोक लांबून येतात. झेफिरँ लेंदोञो या गाबोनी शिल्पकाराने प्रत्येक खांबावर बायबलमधले प्रसंग कोरलेत, चेहरे मात्र इथल्या माणसांचे. प्रार्थना सुरू झाली ती ढोलाच्या ठेक्यावर. बायकांचा चमू एकाच छापाच्या कपड्यांत, झुलत झुलत गात पुढे सरकत होता. आमच्या शेजारच्या आजींनी माझा हात धरून मला टाळीचा ठेका दाखवला. शब्द कळत नव्हते, ठेका कळला.

लिब्रव्हिल म्हणजे मुक्तांचं गाव. गुलामांची वाहतूक करणारं ‘एलिझिया’ नावाचं जहाज फ्रेंच आरमाराने पकडलं आणि त्यातून सुटलेल्या माणसांना 1849 मध्ये या किनाऱ्यावर वसवलं. त्याच फ्रेंचांनी पुढे सगळा देश ताब्यात घेतला, 1960 पर्यंत. गावाचं नाव उच्चारताना हे दोन्ही आठवावं.

संध्याकाळी ओवेंदो स्थानकातून ट्रान्सगाबोनी रेल्वे. देशातला हा एकमेव मोठा लोहमार्ग. काम 1974 मध्ये सुरू झालं आणि 1986 च्या अखेरीस गाडी फ्रान्सव्हिलपर्यंत पोचली. रूळ एकेरी. मोआंदाच्या खाणीतलं मँगनीज घेऊन येणाऱ्या मालगाड्या याच रुळांवरून बंदराकडे जातात, त्यामुळे प्रवासी गाडी जागोजागी बाजूला थांबून राहते. डबा भरलेला होता. पोती, बादल्या, बांधलेली कोंबडी, झोपलेली पोरं. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना काळोख, मधूनच एखाद्या स्थानकावर कंदिलाच्या उजेडात केळी आणि शिजवलेलं मांस विकणाऱ्या बायका. लोपे या राष्ट्रीय उद्यानाच्या गावी उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

सोमवार, लोपे

सकाळी खोलीचं दार उघडलं आणि समोर जंगल नव्हतंच. सोनेरी गवताचे उघडे माळ, त्यांतून वळत गेलेले झाडीचे गर्द पट्टे आणि खाली ओगोवे नदी. हिमयुगात इथे सगळीकडे असेच माळ होते. हवा दमट होत गेली तसं जंगलाने ते गिळायला सुरुवात केली. उरलेले टिकावेत म्हणून उद्यानाचे कर्मचारी दर कोरड्या हंगामात ठरावीक माळ पेटवतात. जळलेल्या जागी आठवड्याभरात कोवळं गवत फुटतं आणि तांबूस रानम्हशी त्यावर येतात.

दुपारी वाटाड्या आम्हाला नदीकाठच्या खडकांवरची कोरीव चित्रं दाखवायला घेऊन गेला. एकात एक वर्तुळं, सर्पिल रेघा, साखळीसारखे नक्षे. लोपेच्या खोऱ्यात अशी 1,800 च्या आसपास चित्रं नोंदलेली आहेत. लोखंड वितळवायला शिकलेल्या माणसांनी ती लोखंडी हत्यारांनी कोरली. पुढे काही शतकं हे खोरं जवळजवळ ओस पडलं होतं असं पुरातत्त्वाचे पुरावे सांगतात, आणि मग पुन्हा माणसं आली. ज्याला आपण अस्पर्श जंगल म्हणतो तिथे भट्ट्यांचे अवशेष सापडतात. 2007 मध्ये लोपे जागतिक वारसा झालं ते निसर्ग आणि माणसाच्या खुणा या दोन्हींसाठी. मला हे फार योग्य वाटतं. माणूस वगळून जंगलाची गोष्ट सांगण्याची सवय आपल्याकडेही आहे आणि तिचा भुर्दंड जंगलात राहणाऱ्यांना भरावा लागतो.

मंगळवार, मँड्रिलच्या मागावर

पहाटे निघालो. मँड्रिल म्हणजे रंगीत तोंडाची मोठी माकडं. कळपातल्या काहींच्या गळ्यात रेडिओपट्टे आहेत. वाटाड्या दर थोड्या वेळाने माळावरच्या उंचवट्यावर चढायचा, हातातला अँटेना हळूहळू फिरवायचा आणि टिकटिक कुठल्या दिशेला मोठी होते ते ऐकायचा. कळप एका जागी थांबत नाही, दिवसभर जमीन उकरत, पालापाचोळा उलटत पुढे सरकतो.

सकाळ सरत आली तेव्हा टिकटिक जोरात आली. वाटाड्याने आम्हाला एका झुडपाआड बसवलं. समोर झाडीचे दोन पट्टे आणि मध्ये पन्नासेक पावलांचा उघडा माळ. आधी आवाज आले: आत कुठेतरी फांद्या मोडल्या, पिल्लांची किंचाळी, आणि त्या सगळ्याखाली नरांचा जाड, दुहेरी हुंकार. मग एक मादी माळाच्या कडेला आली, दोन्हीकडे पाहिलं आणि धावत पलीकडे गेली. तिच्यामागे दुसरी, पोटाशी पिल्लू. आणि मग बांध फुटला. दहा-दहा, वीस-वीसच्या घोळक्याने ते माळ ओलांडू लागले. शेपट्या आखूड, पाय लांब, धावताना मागचा भाग उंच. पुतण्या पुटपुटत मोजत होता. दोनशेच्या पुढे त्याने नाद सोडला, रांग संपेना.

नर शेवटी शेवटी आले. वर्षाचा बराच काळ प्रौढ नर एकएकटे हिंडतात आणि विणीच्या हंगामात कळपात येतात. हा तोच हंगाम. एक नर माळाच्या मधोमध थांबला आणि आमच्या झुडपाकडे वळला. नाकाचा लांब पट्टा शेंदरी लाल, दोन्ही गालांवर निळ्या घड्या, हनुवटीला पिवळी दाढी. त्या ढगाळ, करड्या उजेडात ते रंग अंगावर येत होते. पाहून झाल्यावर तो सावकाश चालत पलीकडच्या झाडीत शिरला. लोपेत 800 हून मोठे कळप मोजले गेलेत. माणूस सोडला तर इतक्या संख्येने एकत्र राहणारे वानरकुळातले प्राणी फारच थोडे. सगळं पाचेक मिनिटांत संपलं. माझे हात थरथरत होते.

‘‘काकू, फोटो काढलात ना?’’ पुतण्याने विचारलं. कॅमेरा मांडीवर होता. त्याची मला अजिबात खंत नाही.

बुधवार, हत्ती

या प्रवासातला माझा खरा दिवस हा.

वाटाड्या आम्हाला हत्तीच्या वाटेने जंगलात घेऊन गेला. पिढ्यान्‌पिढ्या चालून तयार झालेल्या या वाटा रुंद, मोकळ्या असतात आणि एका फळझाडाकडून दुसऱ्याकडे जातात. जंगलातली माणसंही याच वाटा वापरतात. मोआबीच्या एका झाडाखाली आम्ही थांबलो. खोड इतकं जाड की आम्ही तिघांनी हात पसरले तरी कवेत येईना. मोआबीच्या फळावर हत्ती जीव टाकतो आणि त्याच्या बियांपासून माणसं खायचं तेल काढतात.

वाटेत एक ताजा लेंडा दिसला. वाटाड्याने काडीने तो उकलून दाखवला. सालीचे लांब धागे, पानांचा चोथा, गवत. बराच वेळ उकरल्यावर दोन-तीन बिया निघाल्या. कोरड्या हंगामात फळं तशीही कमी असतात, पण गोष्ट तेवढीच नाही, असं म्हणून त्याने पुढचं सांगायला सुरुवात केली.

लोपेत 1983 पासून गोरिला आणि चिंपांझींच्या अभ्यासाचं केंद्र आहे. कॅरोलिन ट्युटिन आणि मिशेल फर्नांडेझ यांनी ते उभारलं. गोरिला काय खातात हे कळायला हवं, म्हणून झाडांवर खुणा करून दर महिन्याला त्यांच्याखाली उभं राहायचं, दुर्बिणीने शेंडा न्याहाळायचा आणि फूल किती, कच्चं फळ किती, पिकलेलं किती हे लिहायचं, असं काम 1986 मध्ये सुरू झालं. ते अजून चालू आहे. ऊनपाऊस, सत्तापालट, निधीचा तुटवडा, कशानेही ते बंद पडलं नाही. या वह्यांमधून 2020 मध्ये जे बाहेर आलं त्याने मी वाचताना हादरले होते: 1986 ते 2018 या काळात लोपेतल्या झाडांचं फळणं 81 टक्क्यांनी घटलं. ऐंशीच्या दशकात हत्तीला दर दहा झाडांमागे एकावर पिकलेलं फळ मिळायचं. आता पन्नासाहून अधिक झाडं पालथी घालावी लागतात.

कारण बहुधा रात्रीच्या हवेत आहे. इथल्या काही झाडांना फुलायला कोरड्या हंगामातल्या गार रात्री लागतात. पारा पुरेसा उतरला नाही तर झाडाला मोहोराचा इशाराच मिळत नाही. ऐंशीच्या दशकापासून लोपेचं तापमान सुमारे एक अंशाने वाढलंय आणि पाऊस कमी झालाय. आंब्याच्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मोहोर लांबला की आमच्याकडे घराघरात काळजी शिरते.

आणि हत्ती? संशोधकांनी जुने-नवे फोटो लावून पाहिले. 2008 ते 2018 या दहा वर्षांत हत्तींची अंगकाठी सरासरी 11 टक्क्यांनी खालावली होती. झाड एकही तोडलेलं नाही, शिकाऱ्यांपासून उद्यान राखलेलं आहे, वरून पाहिलं तर हिरवा गालिचा अखंड आहे. आणि आत प्राणी अर्धपोटी आहेत. संरक्षित जंगलाची कुंपणं राखली की काम झालं, या समजुतीवर माझा आता विश्वास उरलेला नाही.

संध्याकाळी जळक्या माळाच्या कडेला हत्ती दिसला. एकटी मादी. आपल्या हत्तीपेक्षा बुटकी, कान गोलसर, सुळे सरळ जमिनीकडे रोखलेले. ती गवताचे कोवळे जुडगे सोंडेने उपटून, मुळांची माती पायावर आपटून झाडत, तोंडात घालत होती. मागून पाहिलं तेव्हा कण्याची रेघ वर आलेली स्पष्ट दिसत होती आणि कंबरेच्या हाडाखाली खळगा. सकाळचा आकडा तिच्या अंगावर असा डोळ्यांनी दिसला. हे काही बोलले नाहीत. मीही नाही.

रात्री लोपे गावात बसलो होतो. इथल्या लोकांचा सूर वेगळा आहे, आणि तो ऐकायलाच हवा. रानात फळ नाही म्हणून हत्ती कसाव्याच्या, केळीच्या शेतात येतो. एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. बायका सांगत होत्या की त्यांनी लांबची शेतं सोडून दिली. काही ठिकाणी विजेचं कुंपण लावलंय, सगळ्यांना ते मिळत नाही. पुतण्याने त्यांना आमच्या तिलारी खोऱ्याबद्दल सांगितलं: फटाके, मशाली, पंचनामे, उशिरा येणारी भरपाई. एक म्हाताऱ्या बाई माझ्याकडे बघून मान हलवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडच्या हत्तीला रानात खायला आहे का? या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे हत्ती हुसकायचा कसा यावर सभा होतात. तिलारीच्या रानात दर महिन्याला झाडाखाली उभं राहून फळं मोजतोय कोण, हे मला त्या रात्रीपासून विचारावंसं वाटतंय.

उशिरा एका आजोबांनी एनगोंबी काढली. आठ तारांची लहान वीणा, टोकाला कोरलेला बाईचा चेहरा. ब्विती या इथल्या पारंपरिक पंथाच्या विधींमध्ये रात्रभर ही वाजते. त्या विधीत इबोगा या झुडपाच्या मुळाची साल खातात. पूर्वजांची भेट होते अशी श्रद्धा. 2000 साली सरकारने इबोगाला राष्ट्रीय वारसा ठरवलं. पर्यटकांसाठी मांडलेले ब्वितीचे खेळ लिब्रव्हिलच्या आसपास मिळतात असं ऐकलं होतं. आम्ही तिकडे गेलो नाही. कुणाच्या दीक्षाविधीला तिकीट काढून बसणं मला पटत नाही. आजोबांनी आपण होऊन वाजवलं तेवढं ऐकलं.

गुरुवार, रस्ता

लोपे ते आलेंबे कच्चा रस्ता, तांबडी धूळ, बराच भाग ओगोवेच्या सोबतीने. पुढे डांबरी सडक लागली तसे लाकडाचे ट्रक सुरू झाले. बहुतेक ओकूमे. प्लायवूडच्या दुकानात गेलेल्या माणसाला हे नाव ओळखीचं असतं: आपल्याकडच्या कित्येक प्लायचा वरचा गुलाबी पातळ थर या झाडाचा, गाबोनमधून आलेला. 2010 मध्ये गाबोनने अख्खे ओंडके परदेशी धाडणं बंद केलं. आता लाकूड इथेच सोलून, कापून पाठवावं लागतं. राजधानीजवळच्या एनकोकच्या कारखान्यांत भारतीय कंपन्याही आहेत. घरातली कपाटं करताना मी हा थर निवडला होता.

शुक्रवार, लांबारेने

ओगोवेच्या मधल्या बेटावर आणि दोन्ही काठांवर पसरलेलं गाव. डॉक्टर आणि तत्त्वचिंतक अल्बर्ट श्वाइट्झर पत्नी हेलेन यांच्यासह 1913 मध्ये इथे आले आणि त्यांनी दवाखाना सुरू केला. जुन्या इमारती जतन केल्यात: पत्र्याच्या छपराचे लांब ओटे, वारा खेळता राहावा म्हणून जाळीच्या भिंती, त्यांची खोली, पियानो. रुग्णाबरोबर घरची माणसं येऊन राहायची आणि तिथेच चूल मांडायची, हे त्यांनी मान्य केलं होतं. 1952 च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या पैशातून कुष्ठरुग्णांची वस्ती बांधली. ते पाहताना आनंदवन आठवणं मराठी माणसाला अटळ आहे. पण इथल्या लोकांशी वागताना श्वाइट्झर वसाहतीच्या काळातले गोरे डॉक्टरच राहिले. आफ्रिकी माणसाला त्यांनी धाकटा भाऊ मानलं, बरोबरीचा नाही. हेही म्हटलं पाहिजे. शेजारचं नवं रुग्णालय आज चालू आहे, आणि लांबारेनेतलं संशोधन केंद्र मलेरियाच्या लसीच्या चाचण्यांत सहभागी होतं. तिथे गाबोनी डॉक्टर आणि शास्त्रज्ञ काम करतात.

दुपारी होडीने सरोवरांकडे निघालो. नदी उतरलेली, वाळूचे दांडे वर आलेले, त्यांवर झोळीवाले पेलिकन. 1915 च्या सप्टेंबरमध्ये याच नदीवरून जाताना पाणघोड्यांच्या कळपामधून बोट वाट काढत असताना, प्रत्येक जिवाविषयी आदर हाच नीतीचा पाया, हा विचार श्वाइट्झर यांना सुचला. पुढे त्यांनी भारतीय तत्त्वज्ञानावर लिहिताना जैनांच्या अहिंसेचं मोठेपण मान्य केलं, आणि भारतीय विचार जगाकडे पाठ फिरवतो अशी तक्रारही केली. होडीवाल्याने आम्हाला लांबूनच पाणघोडे दाखवले आणि इंजिन पुढे नेईना. कोरड्या हंगामात पाणी कमी, पिल्लं सोबत, तेव्हा त्यांच्या वाटेत जायचं नाही, एवढंच तो म्हणाला.

शनिवार, परत

लिब्रव्हिलला परतताना कांगो नावाच्या गावाच्या अलीकडे विषुववृत्ताची पाटी लागते. फोटो काढून पुढे.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं. पिवळ्या तापाची लस आणि तिचा दाखला हवाच. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि परतताना भारतातही तो दाखवावा लागतो. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. इथलं चलन, सीएफए फ्रँक, रोख जवळ ठेवा, लोपेत कार्ड चालेल असं धरू नका. मँड्रिल पाहायचे तर जुलै ते सप्टेंबर. लोपेला किमान तीन रात्री राहा आणि त्यातली एक संध्याकाळ गावात बसायला ठेवा. वाटाड्याला विचारा की या महिन्यात कुठलं झाड फळलंय. त्या प्रश्नावर तो तुम्हाला जे दाखवेल, ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही.